होडी जुनी न दिसता मळकी का दिसते? शाई आणि जलरंगाबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: हर्णैला आणि आंजर्ल्याच्या खाडीत टिपलेल्या फोटोंवरून जुन्या लाकडी होड्यांची चित्रं करायला घेतली आहेत. आधी जेल पेनने पूर्ण रेखाटन, मग लाकडाचा पोत दिसावा म्हणून भरपूर रेघा, शेवटी जलरंग. इतकं करूनही होडी जुनी दिसत नाही, मळकी दिसते. शिवाय रंग लावताना शाई पसरते. उडालेला रंग, गंज आणि विटलेलं लाकूड दाखवायचं कसं, आणि शाई आधी की रंग आधी?

शाई पसरण्याचं उत्तर सोपं आहे, ते पुढे येईलच. मळकटपणाचं लांब आहे, कारण तो रंगांचा दोष नाही. तुम्ही सांगताय त्यावरून रेघा होडीभर सारख्याच पडल्या आहेत, आणि होडी सगळीकडे सारखी कधीच झिजत नाही. जाळं ज्या काठावरून ओढतात तो काठ घासून उघडा पडतो. नांगराचा दोर जिथून सुटतो तिथे नाळेजवळ (नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक) खाच पडलेली असते. शेजारच्या होडीला घासणारी कूस, म्हणजे होडीची बाजू, खरवडलेली, दुसरी त्या मानाने बरी. पाण्याच्या रेषेखाली शेवाळ आणि बार्नॅकलचे (चिकटून राहणाऱ्या कवचाच्या समुद्री जिवांचे) पांढरे खवले. रेषेच्या जरा वर, जिथे ओलं आणि कोरडं आळीपाळीने होतं, तिथे सगळ्यात जास्त पोपडे. आणि या सगळ्यांच्या मध्ये बराच मोठा भाग चक्क ठीक असतो, फक्त रंग उन्हाने उतरलेला. तो भाग कागदावरही ठीक राहू दिला तरच बाकीची झीज नजरेत भरते. म्हणून खूण करण्याआधी ती कशाने झाली हे स्वतःला सांगता आलं पाहिजे: दोराने, उन्हाने, खिळ्याने की पाण्याने. सांगता येत नसेल तर ती रेघ मारू नका. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे; बाकीचं सगळं त्याचीच कारागिरी.

आधी आकार. जुनी होडी वाकडीतिकडी असते म्हणून रेखाटन कसंही चालेल असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे. आकार खणखणीत असेल तरच त्यावरची मोडतोड खरी वाटते. आकारच डळमळीत असला तर पोपडे कितीही छान काढा, होडी कागदाचीच वाटते. पेन्सिलीने आधी मधली रेघ काढा, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत. मग दोन्ही काठ. काठाची रेघ नाळेकडे उंच चढते, मध्याच्या जरा मागे सर्वांत खाली येते आणि मागे पुन्हा थोडी वर जाते. बहुतेक जण ती केळ्यासारखी दोन्हीकडे समान वळवतात आणि तिथेच होडी खेळण्यातली होते. तिरकस बाजूने पाहताना जवळचा काठ आणि पलीकडचा काठ यांची वळणं एकसारखी दिसत नाहीत. पलीकडचा काठ बराच सपाट दिसतो. तो डोक्याने काढू नका, पेन्सिल आडवी धरून मोजा. बसायच्या आडव्या फळ्या मात्र आपसांत समांतर असतात, त्यामुळे चूक पकडायला त्या फार उपयोगी. त्यांतली एक जरी वेगळ्या दिशेने गेली तरी होडी पिळवटल्यासारखी दिसते.

कुशीच्या फळ्यांचंही तसंच. त्या वहीच्या ओळींसारख्या समांतर नसतात. मध्यभागी रुंद, टोकांकडे निमुळत्या, आणि नाळेपाशी सगळ्या एकत्र येऊन भिडतात. दोन-तीन सांधे नीट काढले, बाकीचे तुटक सुचवले, की पुरतं. सगळे सांधे काढले तर होडीचं पिंप होतं.

ओहोटीत कललेल्या होडीबद्दल एक गोष्ट सांगतो, जी फोटोत दिसत असूनही हाताने हमखास चुकते. खिळ्यांखाली उतरलेले गंजाचे ओघळ कोणत्या दिशेने काढायचे? आपण सवयीने ते कागदाच्या उभ्या दिशेने, सरळ खाली सोडतो. पण होडी बहुतेक आयुष्य पाण्यावर सरळ उभी असते आणि ओघळ तेव्हाचे असतात. होडी कलली की ओघळही तिच्याबरोबर कलतात. पाण्याची रेषा, शेवाळाचा पट्टा, ओघळ, सगळं होडीच्या कलाप्रमाणे. एवढं एक सुधारलं तरी होडी वाळूत टेकल्यासारखी वाटू लागते. आणि एखादी होडी वर्षानुवर्षं एकाच कुशीवर पडून असेल, तर तिच्यावर ओघळांच्या दोन दिशा सापडतात: जुने, फिके, कललेले आणि त्यांच्यावरून नवे, सरळ जमिनीकडे जाणारे. पुन्हा पाण्यात न गेलेली होडी अशी ओळखता येते. चित्रात हे दाखवलंत तर जाणकार माणूस तिथे थांबतोच.

आता शाई. तुमचा क्रम आधी पूर्ण शाई आणि मग रंग असा आहे. तो चुकीचा नाही, पण जुन्या होडीला मानवत नाही, कारण सगळं बोलून झाल्यावर रंगाला बोलायला काही उरत नाही. मी शाई दोन वेळा वापरतो. पेन्सिलीवर आधी अगदी मोजक्या रेघा: नाळ, काठ, वाळूला टेकलेली खालची कड, आतल्या खोल काळोखाची सीमा. मग रंग. रंग पूर्ण वाळल्यावर दुसऱ्यांदा शाई, आणि तीही रंगाने जे आपोआप केलं ते बघून. ओघळ कुठे छान पसरला, कुठे कोरडा ब्रश ओढताना कागद उघडा राहिला, तिथे शाईने फक्त बोट ठेवायचं. पोत रंगाने आणि कागदाने द्यायचा. भेगा, कडा आणि खिळे शाईने. एकच गोष्ट दोघांनी दोनदा सांगितली की चित्र मळतं.

रेघेची जाडी एकसारखी नको. उजेडाकडचा काठ बारीक, मध्ये तुटलेला. चार-दोन ठिकाणी रेघ सोडूनच द्या, डोळा ती जोडून घेतो. होडी जिथे वाळूवर बसते तिथे मात्र जाड, काळी, दाबून. सावलीच्या रेघा मारायच्याच असतील तर फळीच्या वळणाबरोबर मारा, आडव्यातिडव्या जाळीने नको. आणि शाई असल्यामुळे एक फायदा घ्या: चित्रातला सर्वांत गडद काळा तीच पुरवते, त्यामुळे रंग फार गडद करायची गरज नसते. काळ्या रंगाची ट्यूब पिशवीतून काढून ठेवली तरी चालेल.

हत्यार म्हणाल तर या कामाला बोरू उत्तम. शाई संपत आली की बोरूची रेघ आपोआप फाटते, कोरडी होते, आणि ती फाटकी रेघच सुकलेल्या लाकडासारखी दिसते. फाइनलायनरने (बारीक, ठरावीक जाडीच्या टोकाच्या पेनने) हे होत नाही. तो शेवटपर्यंत एकसारखाच लिहितो. वेतासारख्या पोकळ काडीच्या अशाच लेखणीने व्हॅन गॉगने 1888 च्या जूनमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सेंत-मारीच्या किनाऱ्यावरच्या होड्या काढल्या. त्या रेखाटनावर त्याने कुठे कोणता रंग आहे ते शब्दांत लिहून ठेवलं आणि रंगीत चित्र आर्ल या गावी परतल्यावर त्यावरून केलं. ही सवय जरूर उचला. फोनचा कॅमेरा उन्हातली सावली काळी करून टाकतो आणि निळ्या-हिरव्यातला फरक खातो. 'काठाखाली मोरपिशी, त्याखाली विटका गुलाबी, कूस जवळजवळ राखी' असं कडेला लिहिलेलं फोटोपेक्षा जास्त कामी येतं.

शाई पसरण्याचा उपाय: जेल पेन सोडा. 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी त्याच कागदाच्या कोपऱ्यात रेघ मारा, वाळू द्या, ओला ब्रश फिरवून बघा. पिग्मेंट शाईचे फाइनलायनर बहुतेक टिकतात. बाटलीतली लाखेची ड्रॉइंग इंक वाळली की पक्की होते, पण ती टाक किंवा बोरूनेच वापरा. फाउंटन पेनमध्ये भरलीत तर पेन कायमचा तुंबतो. कोकणातल्या दमट हवेत कोणतीही शाई वाळायला तुमच्या अंदाजापेक्षा जास्त वेळ घेते, विशेषतः चांगली साइझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा सरसासारखा थर) असलेल्या कागदावर. घाई झाली की दोष पेनला जातो. आणि पसरणारी साधी पेनची शाईही टाकून देऊ नका. होडीच्या पोटातल्या काळोखात ती मुद्दाम लावून वर ओला ब्रश फिरवला, तर जो निळसर करडा पसरतो तो मिसळून मिळत नाही.

उडालेल्या रंगाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडे पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद असते, 1 जून ते 31 जुलै. त्या काळात होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, डागडुजी करतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला रंगरंगोटी होते. म्हणजे दरवर्षी नाही तरी वर्षाआड रंगाचा नवा थर, आणि तोही नाखव्याच्या, म्हणजे होडीच्या मालकाच्या, मनाला येईल त्या रंगाचा. त्यामुळे पोपडा उडतो तिथे खाली थेट लाकूड क्वचितच दिसतं. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली भगवा, मग तांबडा प्रायमर आणि मग लाकूड, असे थर कडेने पायऱ्यांसारखे दिसतात. तुमच्या फोटोंपैकी एखाद्यावर बोटांनी झूम करून एकच पोपडा वाचून काढा. अशी एखादी जागा चित्रात नीट आली की बाकीच्या पोपड्यांना नुसता इशारा पुरतो.

जलरंगात फिक्यावरून गडदाकडे जायचं असल्यामुळे क्रम उलटा लागतो. होडीत जो थर सर्वांत आतला, तो कागदावर सर्वांत आधी. सबंध कुशीवर लाकडाचा फिका करडा आणि त्यात कुठे कुठे पिवळी माती सोडा. पूर्ण वाळू द्या. मग मधल्या रंगांचे छोटे ठिपके, जिथे पोपडे असणार तिथेच. तेही वाळले की वरचा रंग, पोपड्यांच्या जागा सोडून. सोडताना गोल भोकं सोडू नका. लाकडावरचा रंग शिरांच्या दिशेने तडकतो, म्हणून पोपडे फळीच्या लांबीत लांबट, टोकदार असतात. लोखंडावर मात्र गोल फोड येऊन फुटतात. जागा सोडण्याचा कंटाळा असेल तर खरखरीत कागदावर जवळजवळ कोरडा चपटा ब्रश आडवा धरून फळीच्या दिशेने एकदाच ओढा. कागदाचे उंचवटे रंग घेतात, खळगे घेत नाहीत, पोपडे आपोआप होतात. मेणबत्ती आधी घासूनही हे साधतं, पण मेण पुसता येत नाही, तेव्हा हात आखडता ठेवा. शेवटी बारीक शाईने पोपड्याच्या उजेडाकडच्या कडेला आतून एक केसासारखी रेघ. रंगाच्या थराची ती सावली आहे. विरुद्ध कडेला रेघ नको, तिथे उजेड लागतो. चारी बाजूंनी गोल केलेला पोपडा कधीच पोपडा वाटत नाही, ठिपका वाटतो.

उघड्या लाकडाला तपकिरी लावण्याचा मोह फार होतो. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेलं सागवान तपकिरी राहत नाही. वरचा थर ऊन-पावसाने विरून ते रुपेरी राखी होतं. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस मातकट) हे दोनच रंग पाण्यात मोकळे सोडा, एकदा निळ्याकडे झुकू द्या, एकदा मातीकडे. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि लाकडाचा रवाळपणा फुकटात मिळतो. तपकिरी राखून ठेवा ती ओल्या लाकडासाठी, आणि काजूच्या टरफलाचं तेल पाजलेल्या होड्यांसाठी. तो रंग काळपट, जाड, जवळजवळ डांबरासारखा असतो.

गंजाचं रसायन समजलं की रंगवणं सोपं जातं. खिळ्याभोवती थेट नारिंगी नसतं. लोखंड आणि लाकडातला टॅनिन (तुरट द्रव्य) भेटले की आधी निळसर काळा डाग पडतो, खिळ्याला कडं केल्यासारखा. हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करत, ती याच क्रियेने. तेव्हा खिळ्याभोवती आधी शाईचा किंवा गडद करड्याचा छोटा ठिपका, ओला असतानाच त्याखाली बर्न्ट सिएनाचा थेंब, आणि स्वच्छ पाण्याच्या ब्रशने एक ओढ होडीच्या उभ्या दिशेने. ओघळ वर दाट, खाली विरत गेलेला. सांध्याची आडवी फट आली की तो तिथे अडतो, थोडा आडवा पसरतो, मग एखाद्या ठिकाणाहून पुन्हा उतरतो. प्रत्येक खिळ्याखाली ओघळ नको. एका ओळीत दोन मोठे, एखादा पुसट, बाकी नुसते काळे ठिपके.

पाण्याच्या रेषेखालचा तांबडा रंग गंजाशी मिसळू देऊ नका. तो शेवाळ-बार्नॅकल धरू नयेत म्हणून लावलेला तांब्याचा रंग असतो, विटला की गुलाबी-विटकरी होतो, आणि त्यावर शेवाळाचा हिरवा चढला की दोन्ही एकमेकांना मारून करडे पडतात. तिथे हिरवा वेगळा, तांबडा पूर्ण वाळल्यावर लावा, नाहीतर चिखलच होईल.

नव्या फायबरच्या होड्यांना यातलं बरंच लागू नाही. त्यांना फळ्या नाहीत, सांधे नाहीत. त्या पांढुरक्या होतात, ओरखडतात, कोळिष्टकासारख्या बारीक तडकतात. लाकडी होडीवर फायबरचं अस्तर चढवलेलंही दिसतं, आणि ते एखाद्या कोपऱ्यात सुटून आतली जुनी फळी दिसत असेल तर ती होडी सोडू नका.

फोटो बाजूला ठेवून किनाऱ्यावर जायचं ठरवलंत तर मेचा शेवट गाठा. मोसम संपत आलेला असतो आणि रंगाची अवस्था सर्वांत वाईट, म्हणजे आपल्या कामाची. ऑगस्टच्या मध्यानंतर गेलात तर सगळ्या होड्या नवऱ्यामुलासारख्या नटलेल्या मिळतील. वेळ तिथीवरून काढता येते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीचा तास निघतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे. अंदाजच आहे, खाडीत आत गेलात की उशीर धरा. यातून कामाची गोष्ट अशी निघते की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, खोल ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला येते, म्हणजे होड्या कोरड्या चिखलावर कललेल्या आणि ऊन तिरपं, दोन्ही एकत्र. अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, ओहोटी भर दुपारी, तीही अर्धवट. पाणी परत चढू लागलं की होडी हळूहळू सरळ होते आणि तुमचं रेखाटन खोटं ठरतं, म्हणून कल आणि काठ आधी पक्के करा, बाकी नंतर. बसण्याआधी तिथल्या नाखव्याला किंवा तांडेलाला (होडी चालवणाऱ्या मुख्य खलाशाला) विचारा. बहुतेक वेळा तोच येऊन तुमची नाळ कुठे चुकली ते दाखवतो, आणि तो बरोबर असतो.

कागदाबद्दल थोडंच: 300 जीएसएमचा, सुती, मध्यम खरखरीत. गुळगुळीत कागदावर शाई सुरेख चालते पण वर सांगितलेला कोरडा ब्रश चालत नाही. पावसाळ्यात कागद सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. दमटपणाने साइझिंग बिघडलं की रंग टिपकागदात गेल्यासारखा शोषला जातो आणि त्याला उपाय नाही.

नाव आणि नोंदणीचा नंबर सर्वांत शेवटी. पेनने नको, बारीक ब्रशने, फळीच्या वळणाबरोबर वाकवून; सरळ ओळीत लिहिलेला नंबर चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो. अक्षरं पूर्ण लिहा, वाळू द्या आणि मग ओल्या ब्रशने सांध्यांच्या जागी त्यातला रंग उचला. नंबर खऱ्या होडीचा जसाच्या तसा लिहायची गरज नाही, एखादा आकडा पोपड्यात घालवा.